बुरशी, तिचं विष आणि जनुक बदललेलं धान्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुरशी लागली की धान्य खराब होतं हे माहितीये, पण ते विषारी पण होतं का?

सगळ्याच बुरश्या विष करत नाहीत, पण ज्या करतात त्यांच्याबद्दलच हे सगळं लिहितोय. मका, ज्वारी, गहू, भात यांच्यावर मुख्य दोन घराणी त्रास देतात, एक अ‍ॅस्परजिलस आणि दुसरं फ्युजेरियम. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, लिव्हरवर जातं ते. फ्युजेरियमच्या वेगवेगळ्या जाती मक्यात फ्युमोनिसिन करतात आणि गव्हात डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, ज्याला सगळे डॉन म्हणतात.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे दाणा वरून बरा दिसतो आणि आत विष असू शकतं, ना वास ना चव. आणि हे विष मोजतात पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात एक भाग. आपल्याकडे अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या केंद्राच्या संस्थेची धान्यातल्या एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा 15 पीपीबी आहे, युरोपात थेट खायच्या धान्याला 4. एवढं कमी प्रमाण डोळ्याने बघून कोणालाच कळणार नाही, कितीही अनुभवी शेतकरी असूदे.

धुतलं, भाजलं, भाकरी केली की जात नाही का?

नाही जात. अफ्लाटॉक्सिन मोडायला साधारण 237 डिग्रीच्या वर तापमान लागतं आणि भाकरीचा आतला भाग शंभरच्या आसपासच राहतो. डॉन आणि फ्युमोनिसिन थोडंफार पाण्यात विरघळतं त्यामुळे धुण्याने काही प्रमाणात कमी होतं, आणि काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे निवडून टाकले तर बराच फरक पडतो कारण विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं. आपल्या आज्या सुपात धान्य निवडायच्या ते उगाच नाही. पण पूर्ण जातं असं समजू नका.

याने खरंच माणसं मेलीत का, की उगाच घाबरवताय?

मेलीत. 1974 साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या शेजारशेजारच्या आदिवासी जिल्ह्यांत कापणीच्या आधी अवेळी पाऊस झाला, कणसं भिजली, आणि लोकांनी तोच मका खाल्ला कारण घरात दुसरं काही नव्हतंच. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभराच्या वर माणसं गेली. त्याच घरांतली कुत्री पण तशीच आजारी पडली, त्यावरून खाण्यातच काहीतरी आहे हा संशय पक्का झाला. केनियात 2004 मध्ये मकुएनी आणि किटुई भागात असंच झालं, 317 जण आजारी आणि 125 मृत्यू, तिथेही घरचाच, ओलसर साठवलेला मका.

1995 मध्ये दख्खनच्या पठारावर पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन काही गावांत एकाच वेळी पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले, ते फ्युमोनिसिनचं प्रकरण होतं. लोक बरे झाले, पण धान्य आपल्याच पट्ट्यातलं होतं हे विसरू नये.

मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे की प्रत्येक वेळी भोगतो तो स्वतःचं पिकवून स्वतः खाणारा माणूस. एक्सपोर्टचा माल लॅबमध्ये तपासला जातो, कंपनीचा माल तपासला जातो, पण घरच्या कणगीतला मका कोण तपासणार? म्हणून बियाण्यातच काहीतरी करता आलं तर ते आधी या माणसाच्या कामाचं आहे.

मग बियाण्यात बदल करायचा म्हणजे नेमकं काय करतात?

एकच असा उपाय नाहीये, चार पाच वेगळे रस्ते आहेत आणि लोक सगळ्यांना मिळून जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, म्हणतात त्यामुळे घोळ होतो. पहिला रस्ता, बुरशी आल्याचं पिकाला ओळखू येईल अशी प्रतिकारक जनुकं घालणं. दुसरा, बुरशी पिकाच्या ज्या जनुकाचा फायदा घेते ते बंद पाडणं. तिसरा, बुरशी आली तरी तिचं विष पिकानेच निकामी करावं अशी सोय करणं. चौथा, बुरशीला विष तयारच करू न देणं. आणि पाचवा आडवाटेचा, बुरशी आत शिरते त्या अळीलाच रोखणं. पुढे एकेक घेतो.

गव्हात डॉनचं एवढं काय आहे? आपल्याकडे तर ऐकलं नाही कधी.

बरोबर, आपल्याकडे कमी आहे, कारण आपला गहू फुलोऱ्यात येतो तेव्हा जानेवारी फेब्रुवारीची कोरडी हवा असते आणि या बुरशीला फुलोऱ्याच्या वेळीच पाऊस किंवा दमट हवा लागते. हे दुखणं मुख्यतः अमेरिका, कॅनडा, युरोप आणि चीनचं. फ्युजेरियम ग्रॅमिनेरम नावाची बुरशी फुलातून आत जाते, ओंबी अर्धी पांढरी पडते, दाणा हलका आणि खडूसारखा होतो, आणि त्यात डॉन असतं. 1993 साली मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात याची एवढी मोठी साथ आली की शेतकरी गहूच सोडायला लागले.

आता महत्त्वाचं ऐका. डॉन हे बुरशीचं नुसतं उरलंसुरलं घाण नाही, ते तिचं हत्यार आहे. पेशीत प्रोटीन तयार करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम, त्याला हे विष चिकटतं आणि काम बंद पाडतं, मग गव्हाचा बचाव ढिला पडतो आणि बुरशी एका दाण्यातून ओंबीच्या मधल्या दांड्यात आणि तिथून पुढच्या दाण्यात जाते. म्हणजे पिकाने विष निकामी केलं तर खाणाऱ्याचाही फायदा आणि रोगाचा पसरही कमी, एकाच घावात दोन कामं. म्हणून मला हा तिसरा रस्ता सगळ्यात हुशारीचा वाटतो.

मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी बार्लीतलं एक जनुक गव्हात घातलं, ते डॉनला साखरेचा एक रेणू जोडून टाकतं आणि मग डॉन रायबोसोमला धरू शकत नाही. हे नुसतं काचघरात नाही, शेतातल्या चाचण्यांतही पसर कमी करताना दिसलं. पण इथे एक मेख आहे जी कोणी सांगत नाही. साखर जोडलेलं डॉन आपल्या आतड्यात गेल्यावर तिथले जीवाणू ती साखर तोडू शकतात आणि डॉन परत मोकळं होऊ शकतं. म्हणून अशा गव्हाची तपासणी करताना फक्त मोकळं डॉन मोजून चालत नाही, जोडलेलंही मोजायला पाहिजे, नाहीतर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि पोटात वेगळंच होईल.

ते गवतातून आलेलं जनुक म्हणतात ते काय?

हे प्रकरण मला फार आवडतं. 2020 मध्ये चीनच्या शांडोंग कृषी विद्यापीठातल्या काँग लिंगरांग यांच्या टीमने सायन्स या जर्नलमध्ये एफएचबी7 नावाचं जनुक मांडलं. गव्हाचं एक जंगली नातेवाईक गवत आहे, थिनोपायरम, त्यातलं हे जनुक. ते डॉनला ग्लुटाथायोन नावाचा पेशीतला एक छोटा रेणू जोडतं आणि तेही विषाचा जो मुख्य भाग आहे, जिथून ते चावतं म्हणा, त्याच जागी, त्यामुळे साखरेसारखं सहज परत सुटत नाही.

आणि हे जनुक आलं कुठून तर बहुतेक एका बुरशीतून. एपिक्लोई नावाची बुरशी गवतात निवांत राहते, गवताला त्रास देत नाही, तिच्यातल्या जनुकाशी हे जवळपास तंतोतंत जुळतं आणि बाकी वनस्पतींत याचा पत्ता नाही. म्हणजे बुरशीतून गवतात जनुक आपोआप गेलं असावं असं त्या टीमचं म्हणणं. जनुक एका जातीतून पार वेगळ्या जातीत नेणं निसर्गाच्या विरुद्ध आहे असं जे ठामपणे म्हणतात त्यांनी हे जरूर वाचावं. आणि गंमत म्हणजे गवत गव्हाचं नातेवाईक असल्यामुळे साध्या संकरानेही हे जनुक गव्हात आणता येतं आणि आणलंय, त्याला जीएम म्हणायची गरजच नाही.

मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर काही झालंय का?

झालंय. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मोनिका श्मिट यांच्या टीमने 2017 मध्ये चौथा रस्ता वापरला. मक्यात अशी व्यवस्था केली की दाण्यात आरएनएचे, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूचे, छोटे तुकडे तयार होतात, बुरशी दाणा खाताना ते तिच्या आत जातात आणि अफ्लाटॉक्सिन बनवायच्या साखळीतलं एक सुरुवातीचं जनुक गप्प करतात. कणसांवर मुद्दाम बुरशी सोडली, साध्या मक्यात विष हजार पीपीबीच्या वर गेलं आणि बदललेल्या मक्यात मोजता येईल एवढं सापडलंच नाही. बुरशी मात्र होतीच, हे लक्षात घ्या, ती मेली नाही, फक्त विष बनवू शकली नाही.

याच पद्धतीने जर्मनीत गीसन विद्यापीठात बार्लीवर काम झालं, तिथे बुरशीच्या पेशीच्या पडद्याला लागणारा घटक बनवणारं जनुक गप्प केलं. आणि आपल्या शेजारी हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने भुईमुगात, आता भुईमूग तृणधान्य नाही पण अफ्लाटॉक्सिनचं नाव काढलं की भुईमूग आलाच, तिथे दोन्ही केलं, बुरशीला रोखणारी डिफेन्सिन नावाची प्रोटीनं आणि वर हे आरएनएचं. प्रयोगात निकाल खूप चांगले आले. शेतकऱ्याच्या हातात अजून नाही आलं, त्यावर पुढे बोलू.

बीटी मक्याचा आणि बुरशीचा काय संबंध? ते तर अळीसाठी ना?

अळीसाठीच, बीटी म्हणजे अळीला मारणारं प्रोटीन स्वतःच बनवणारं जीएम पीक, पण अळी कणीस पोखरते आणि त्या भोकातून फ्युजेरियम आत शिरते, अळी कमी तर जखमा कमी तर फ्युमोनिसिन कमी. 1996 ते 2016 या काळातल्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण 2018 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी केलं त्यात जीएम मक्यात फ्युमोनिसिन साधारण 30 टक्के कमी सापडलं. अफ्लाटॉक्सिनवर परिणाम एवढा पक्का नाही. आपल्याकडे 2018 पासून लष्करी अळी आली आणि मक्याची कणसं पोखरून ठेवते हे सगळ्यांनी पाहिलंय, त्या दाण्यांत नंतर काय वाढतं याची चर्चा मात्र कोणी करत नाही.

भुरी न येणारा गहू पण केलाय म्हणे?

हो, हा दुसरा रस्ता. एमएलओ नावाचं जनुक भुरीच्या बुरशीला घुसायला मदत करतं, ते बिघडलं की भुरी येत नाही. इथिओपियाच्या देशी बार्लीत हे निसर्गतःच बिघडलेलं सापडलं आणि युरोपात 1979 पासून अशी बार्ली लावतात, इतक्या वर्षांत भुरीला ते मोडता आलं नाही. गव्हात अडचण ही की गहू षटगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच असलेला, त्याच्यात जवळपास सारखी अशी तीन जनुकं, तिन्ही एकदम बिघडायला पाहिजेत आणि निसर्गात असं होणं जवळपास अशक्य. 2014 मध्ये चीनमध्ये गाओ काइश्या यांच्या टीमने जनुक संपादनाने, म्हणजे पिकाच्याच जनुकात नेमक्या जागी काटछाट करून, तिन्ही एकदम बंद केली. भुरी गेली पण झाड खुरटलं, उत्पादन घटलं. मग त्यांना एक असं झाड मिळालं ज्यात जनुकाशेजारचा मोठा तुकडाच गळाला होता आणि त्यामुळे दुसरं एक जनुक जागं होऊन वाढ परत नीट झाली, ते 2022 मध्ये नेचरमध्ये आलं. आठ वर्षं लागली बघा, एका अडचणीला. एका झटक्यात सगळं होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतोय.

तांबेऱ्याचं काय? आपल्याकडे तर तोच मुख्य रोग.

तांबेरा विष करत नाही, पीकच खातो. आपल्याकडे याचा इतिहास मोठा आहे, महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, आणि प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं होतं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही, तो डोंगरांत तग धरतो, काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकतो.

1998 च्या सुमारास युगांडात यूजी99 नावाचा काळ्या तांबेऱ्याचा प्रकार सापडला आणि त्याने राय या धान्यातून गव्हात आलेलं एसआर31 हे जनुक मोडून काढलं, ज्यावर जगभरच्या गव्हाच्या जाती विसंबून होत्या. धडा साधा होता, एका जनुकावर राहू नका. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने आणि त्यांच्या सोबतच्यांनी पाच प्रतिकारक जनुकं एकाच ठिकाणी, एकमेकांना चिकटून बसवली, 2021 मध्ये ते छापून आलं. जनुकं चिकटून असल्यामुळे पुढच्या पिढीत ती पाचही एकत्रच जातात. साध्या संकराने पाच जनुकं एकत्र आणायला आणि एकत्र टिकवायला केवढी वर्षं जातात ते गहू पैदासकारालाच विचारा. आणि यातली जनुकं गव्हाच्याच नातेवाइकांमधली, राय, जंगली गवतं, जुना एकदाणी गहू, बाहेरचं काही नाही.

बुरशी यावरही मात करेल ना कधीतरी?

करेल, करणारच. एकच जनुक लाखो एकरावर लावलं तर नक्की करेल. म्हणून पाच पाच एकत्र, म्हणून वेगवेगळ्या पद्धती एकत्र. विष निकामी करणाऱ्या जनुकांवर मात करणं बुरशीला त्यामानाने अवघड जावं असं मला वाटतं कारण त्यासाठी तिला विषाची घडणच बदलावी लागेल, पण खात्री देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहा.

बुरशीनाशक मारून भागत नाही का?

थोडं भागतं. गव्हाच्या फ्युजेरियमला ट्रायझोल गटाचं औषध फुलोऱ्याच्या त्या चार दिवसांतच मारावं लागतं, आणि तेव्हा पाऊस असेल तर शेतात ट्रॅक्टर जाणार कसा? चुकीच्या गटाचं मारलं, म्हणजे काही स्ट्रोबिल्युरिन, तर रोग कमी दिसून डॉन वाढल्याचंही आढळलंय. मक्याच्या कणसात आत बसलेल्या अ‍ॅस्परजिलसपर्यंत तर फवारा पोचतच नाही. जैविक उपाय एक चांगला आहे, अफ्लासेफ, आफ्रिकेत वापरतात, विष न करणारी अ‍ॅस्परजिलसच शेतात टाकायची म्हणजे ती विषारी भाऊबंदांची जागा अडवते. यात जनुक बदल काहीच नाही आणि काम चांगलं होतं.

खायला सुरक्षित असेल का?

एकगठ्ठा उत्तर देता येत नाही, प्रत्येक बदल वेगळा तपासायचा. नवीन प्रोटीन असेल तर अ‍ॅलर्जी होते का बघायचं, विष निकामी करणारं असेल तर वर सांगितलं तसं जोडलेलं विष कुठे जातं ते बघायचं, विषाचं काय झालं याची स्वतंत्र लॅबने खात्री करायची आणि आकडे सगळ्यांना बघायला मिळायला पाहिजेत. एवढं मागणं रास्त आहे आणि मी पण ते मागतो. पण तुलना करताना दुसऱ्या बाजूला स्वच्छ, निर्मळ धान्य आहे असं धरू नका, दुसऱ्या बाजूला अफ्लाटॉक्सिन आहे आणि त्याचं नुकसान सिद्ध झालेलं आहे.

ज्वारीत वेगळी काळजी पण आहे. बांधावर बरू उगवतो, तो ज्वारीचा नातेवाईक, परागकण तिकडे जाऊ शकतात. गहू बहुतेक स्वतःचाच पराग घेतो म्हणून तिथे हा धोका कमी. पिकानुसार विचार करा म्हणतो ते यासाठी.

मला आज असं बियाणं मिळेल का?

भारतात नाही. आपल्याकडे शेतात परवानगीने लावलं जाणारं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, 2002 पासून. बीटी वांगं 2010 मध्ये थांबवलं, जीएम मोहरीला 2022 मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि 2024 मध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांचं मत वेगळं वेगळं पडलं. जनुक संपादनाचं वेगळं आहे, ज्यात बाहेरचं जनुक शेवटी राहत नाही अशा प्रकारांना मार्च 2022 मध्ये केंद्राने जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे 2025 मध्ये संपादित भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या, कमला आणि पुसा डीएसटी राईस 1. त्या बुरशीसाठी नाहीत, पण वाट मोकळी झाली. एमएलओसारखा बदल या वाटेने येऊ शकतो, आरएनएवाला मका येऊ शकत नाही कारण त्यात बाहेरचा तुकडा राहतो.

आणि करपा न येणारा बासमती तर आधीच आहे, पुसा बासमती 1637 मध्ये करप्याचं पीआय9 जनुक मार्करच्या, म्हणजे जनुक आलंय का ते ओळखायच्या डीएनएच्या खुणेच्या, मदतीने संकर करून आणलंय, ते जीएम नाहीच.

आमची खरीप ज्वारी दरवर्षी काळी पडते, तिच्यासाठी कोणी काही करतंय का?

कापणीच्या वेळी पाऊस आला की फ्युजेरियम, कर्व्हुलारिया आणि आणखी बऱ्याच बुरश्या मिळून कणसावर येतात, म्हणून एका जनुकाने हे सुटत नाही. पैदासीतून थोडी सहनशील वाणं आली आहेत, पण गहू मक्यावर जगभर जो पैसा लागला त्याच्या पासंगालाही ज्वारीवर लागलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मंगळवेढ्याची मालदांडी रब्बीची, थंडी कोरडीत पिकते म्हणून पांढरीशुभ्र राहते, तिला हा प्रश्न नाही. खरिपवाल्याने मात्र काळी पडलेली ज्वारी पाहून मग भाव पाडून विकायची किंवा घरी खायची, दुसरा पर्याय नाही त्याला. कृषी विद्यापीठांनी यावर पैसा मागितला पाहिजे आणि आपण लोकप्रतिनिधींना विचारलं पाहिजे.

तोपर्यंत काय करायचं?

वाळवणं. मका मळणीनंतर ओलावा 12 ते 13 टक्क्यांवर आला पाहिजे, ताडपत्रीवर पसरा, थेट जमिनीवर नको, रात्री दव पडतं तेव्हा झाका. ओला मका पोत्यात भरून आठ दिवस व्यापाऱ्याची वाट बघत ठेवला तर त्यातच सगळं होतं. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर गावातल्या शेतकरी कंपनीकडे किंवा गोदामात असतो, तिथे मोजून घ्या. हवाबंद पिशव्या मिळतात त्या चांगल्या, पण आत ओलं धान्य भरलं तर काही उपयोग नाही. उद्या विषमुक्त बियाणं आलं तरी हे करावंच लागेल, कारण आरएनएवाल्या मक्यातही बुरशी वाढतेच, दाणा खराब होतोच.

खराब मका जनावरांना घातला तर चालेल ना, वाया कशाला घालवायचा?

नका घालू, निदान दुभत्या जनावराला तर नकोच. गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी1 चा काही भाग एम1 होऊन एक दोन दिवसांत दुधात उतरतो, साधारण एक ते तीन टक्के, जास्त दुधाच्या गाईत त्याहून जास्त. दुधाला आपल्याकडे मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे आणि दूध उकळून ते जात नाही. कोंबड्यांना तर अजिबात नको, पक्ष्यांना हे विष फार लवकर लागतं, 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या तेव्हाच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून. खाद्य बंद केल्यावर दूध चार पाच दिवसांत परत स्वच्छ होतं, त्यामुळे चुकून घातलं गेलं असेल तर आजच बदला.